६१७४: वजाबाकी तिथेच येऊन का थांबते?

चार अंकी कोणतीही संख्या घ्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावले की त्यांपासून होणारी सर्वांत मोठी संख्या मिळते, चढत्या क्रमाने लावले की सर्वांत लहान. मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग हलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

१९०५ पासून सुरुवात करू.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुरत्या सात पायऱ्या लागल्या. १९०५ हे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचं जन्मसाल. जन्म डहाणूचा, शालेय शिक्षण ठाण्याला, मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. विद्यार्थी असतानाच १९२७ साली त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. ६१७४ चा हा गुण त्यांना १९४६ मध्ये सापडला आणि १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला. पदव्युत्तर पदवी नाही, हाताशी गणकयंत्र नाही, अशा माणसाचं हे काम. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर पोचलं. आज ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी ‘गूढ संख्या’ म्हणून सांगितली जाते आणि तिथेच सोडली जाते. ते खटकतं, कारण तिचं कारण शालेय वजाबाकीच्या बाहेरचं नाही. कागद-पेन्सिल घेऊन एका बैठकीत ते पूर्ण सिद्ध करता येतं.

वजाबाकीत नेमकं काय घडतं

उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांना क, ख, ग, घ म्हणू. क सर्वांत मोठा, घ सर्वांत लहान. मोठ्या संख्येत क हजारच्या स्थानी असतो, लहान संख्येत तोच एककाच्या स्थानी जातो. म्हणून वजाबाकीनंतर क चा वाटा १००० − १ = ९९९ पट उरतो. घ चं बरोबर उलट, तो ९९९ पट वजा होतो. ख शतकातून दशकात येतो, त्याचा वाटा १०० − १० = ९० पट. ग चा तेवढाच, पण वजा. सगळं एकत्र केलं की:

उत्तर = ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग)

क − घ ला ‘बाहेरचा फरक’ म्हणू, ख − ग ला ‘आतला फरक’. उत्तर फक्त या दोन फरकांवर ठरतं; अंक स्वतः कोणते आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ९६२१, ८५१० आणि ९९५१ या तीन संख्या दिसायला अगदी निराळ्या. पण तिन्हींमध्ये बाहेरचा फरक ८ आणि आतला ४. म्हणून तिन्हींचं उत्तर एकच: ९९९ × ८ + ९० × ४ = ७९९२ + ३६० = ८३५२. या तिघी कुठून आल्या होत्या हे पहिल्याच वजाबाकीनंतर कुणालाही सांगता येणार नाही. ६१७४ चं सगळं रहस्य या विसरण्यात आहे.

आता फरकांच्या जोड्या किती ते मोजू. बाहेरचा फरक १ ते ९. तो शून्य झाला तर चारही अंक सारखे, आणि ते आपण आधीच वगळलेत. ख आणि ग हे क आणि घ यांच्या मधले, त्यामुळे आतला फरक ० पासून जास्तीत जास्त बाहेरच्या फरकाइतका. बाहेरचा १ असेल तर आतल्याला २ पर्याय, बाहेरचा २ असेल तर ३, असं करत बाहेरचा ९ असेल तर १०. बेरीज २ + ३ + … + १० = ५४.

०००० ते ९९९९ मधून सारख्या अंकांच्या दहा संख्या काढल्या की ९९९० उरतात. त्या सगळ्या एका वजाबाकीत फक्त ५४ उत्तरांवर येऊन पडतात. पुढच्या सहा पायऱ्यांचं काम म्हणजे या ५४ चा निकाल लावणं.

उत्तराचे अंक आधीच सांगता येतात

वजाबाकी हाताने करताना उसने घ्यावे लागतात. ते कुठे घ्यावे लागतात ते पाहा. एककाच्या स्थानी घ मधून क वजा करायचा, तो जात नाही, म्हणून दशकाकडून उसने: तिथे १० − बाहेरचा फरक येतो. दशकात ग मधून ख जातो, शिवाय एक आधीच दिलेला, म्हणून पुन्हा उसने: ९ − आतला फरक. शतकात ख − ग मधून एक कमी: आतला फरक − १. हजारात बाहेरचा फरक जसाच्या तसा.

बाहेरचा ६ आणि आतला २ घालून बघा. हजार ६, शतक १, दशक ७, एकक ४. हीच ती संख्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने ७, ६, ४, १. बाहेरचा फरक पुन्हा ६, आतला पुन्हा २. जोडी बदलली नाही, म्हणून उत्तरही बदलत नाही.

आतला फरक शून्य असेल तर थोडं वेगळं होतं. शतकाकडे द्यायला काही नसतं, त्याला हजारकडे जावं लागतं. मग हजारात बाहेरचा फरक − १, मधे ९ ९, आणि एककात १० − बाहेरचा फरक.

यातून पडताळ्याची एक सोपी युक्ती मिळते आणि मुलांकडून हे करून घेताना ती फार कामाला येते. प्रत्येक उत्तरात पहिला आणि शेवटचा अंक मिळून १० आणि मधले दोन मिळून ८ व्हायला हवेत. तसं नसेल तर मधे ९९ आणि बाहेरच्या दोघांची बेरीज ९ असली पाहिजे. वरच्या उदाहरणात ८१७२: ८ + २ = १०, १ + ७ = ८. ३९९६: मधे ९९, ३ + ६ = ९. या दोन्हींत न बसणारं उत्तर आलं तर वजाबाकी नक्की चुकली आहे, पुढे जाऊ नका. उत्तराला नऊने भाग जातो का, हा नुसता पडताळा तेवढा कडक नाही. अंक उलटसुलट लिहिले गेले तर तो चूक पकडत नाही.

५४ चे १ कसे होतात

उत्तराच्या अंकांमध्ये बाहेरचा फरक आणि १० − बाहेरचा फरक असे दोघे येतात. त्यामुळे ३ आणि ७ मध्ये भेद राहत नाही. जोडी (७, ३) चं उत्तर ७२६३ आणि (३, ३) चं ३२६७. दोन्हींत अंक तेच, म्हणून पुढची वजाबाकीही तीच. आतल्या फरकातही अशीच जुळणी आहे: १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६ यांच्यात फरक पडत नाही. या जुळण्या लक्षात घेतल्या की ५४ उत्तरांत अंकांचे निरनिराळे गट फक्त ३० निघतात.

त्या ३० गटांचे नवे फरक काढले तर निरनिराळ्या जोड्या येतात २०. म्हणजे दुसऱ्या वजाबाकीनंतर वीसच उत्तरं शक्य आहेत. त्या विसांचे फरक काढा, १४ जोड्या. मग १०, मग ७, मग ४, आणि सातव्या वजाबाकीनंतर १.

९९९० → ५४ → २० → १४ → १० → ७ → ४ → १

हे स्वतः करून बघण्यासारखं आहे. एका पानावर ५४ जोड्या लिहा, प्रत्येकीसमोर वरच्या नियमाने उत्तराचे चार अंक, ते उतरत्या क्रमाने लावून त्यांचे नवे दोन फरक. मग प्रत्येक जोडीपासून तिच्या नव्या जोडीकडे बाण काढा. मोठ्या वजाबाक्या करायची गरजच नाही, सगळं काम एक अंकी बेरीज-वजाबाकीत होतं. सगळे बाण शेवटी (६, २) मध्ये शिरतात आणि एकही जोडी भलत्याच वर्तुळात अडकलेली दिसत नाही. हीच सिद्धता. तिच्यात हुशारीची उडी कुठेही नाही, सगळ्या शक्यता तपासलेल्या आहेत एवढंच.

शेवटचे टप्पे तर डोळ्यांनी दिसतात. पाच वजाबाक्यांनंतर उत्तर या सातांपैकीच एक असतं: ६१७४, ६२६४, ३०८७, ४१७६, ८०८२, ८३५२, ८५३२. सहानंतर उरतात ६१७४, ४१७६, ८३५२, ८५३२. यातल्या ८३५२ आणि ८५३२ चे अंक एकच, ६१७४ आणि ४१७६ चेही एकच. ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि ७६४१ − १४६७ तर आपल्याला माहीतच आहे.

शून्य कुठे घात करतं

२१११ घेतली तर २१११ − १११२ = ९९९ येतात. इथे पुष्कळ जण ९९९ ला तीन अंकी समजून ९९९ − ९९९ = ० करतात आणि ‘नियम मोडला’ असं जाहीर करतात. ते उत्तर ०९९९ असं वाचायला हवं. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२ आणि पुढच्याच पायरीला ६१७४. सुरुवातीपासून मोजल्या तर पाच पायऱ्या.

हा घात कुठे होतो तेही नेमकं सांगता येतं. तीन अंकी उत्तर फक्त बाहेरचा फरक १ आणि आतला ० असेल तेव्हाच येतं, म्हणजे तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्याहून एकाने कमी किंवा जास्त. १००० ते ९९९९ मध्ये अशा संख्या ६८ आहेत. आणि मधल्या कुठल्याही पायरीवर ही जोडी नव्याने उगवत नाही, त्यामुळे पहिल्या वजाबाकीत हा प्रसंग आला नाही तर पुढेही येत नाही. सारख्या अंकांच्या नऊ धरून ७७ संख्या. संगणकावर ही प्रक्रिया लिहिली आणि बरोबर ७७ ठिकाणी शून्य उत्तर आलं, तर चूक गणितात नाही. आज्ञावलीने पुढचं शून्य गाळलं आहे. उपाय सोपा: प्रत्येक वजाबाकीनंतर उत्तर मजकूर म्हणून घ्या, चार जागा भरतील इतकी शून्यं डावीकडे लावा आणि मगच अंक क्रमाने लावा. एक्सेलसारख्या तक्त्यातही तेच, कारण आकड्याच्या रकान्यात ०९९९ लिहिलं तरी तो ९९९ च ठेवतो.

किती पायऱ्या लागतात

९९९० संख्यांपैकी ६१७४ स्वतः सोडली तर एका पायरीत पोचणाऱ्या ३८३, दोन पायऱ्यांत ५७६, तीनमध्ये २४००, चारमध्ये १२७२, पाचमध्ये १५१८, सहामध्ये १६५६ आणि सातमध्ये २१८४. सरासरी ४.६७. सर्वांत जास्त संख्या तीन पायऱ्यांच्या, त्याखालोखाल थेट सातांच्या; मधले आकडे लहान. पायऱ्या वाढतील तशी संख्या हळूहळू कमी होत जाईल असं वाटतं, तसं होत नाही.

३८३ कुठून आले हे हाताने काढता येतं. जोडी (६, २) हवी. सर्वांत लहान अंक ०, १, २ किंवा ३, म्हणजे चार पर्याय. मोठा त्याहून ६ ने जास्त. मधल्या दोघांना बसायला पाच जागा. त्यातल्या दोन टोकांच्या जागी एक अंक दुबार येतो, तिथे मांडण्या १२-१२. उरलेल्या तीन जागी चारही अंक वेगळे, तिथे २४-२४. एकूण ९६, चार पटीने ३८४. त्यातली एक ६१७४ स्वतःच.

तीन अंकांत ४९५, पाच अंकांत काहीच नाही

तीन अंकी संख्यांमध्ये हेच काम ४९५ करते आणि तिथलं कारण तर एका श्वासात सांगता येतं. मधला अंक वजाबाकीत नाहीसा होतो, उत्तर = ९९ × बाहेरचा फरक. नऊच उत्तरं शक्य. १०० घेतली तर ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५ अशी ओळीने सहा पायऱ्यांत उतरत येते.

दोन अंकांत मात्र स्थिरांक नाही. तिथे ०९ → ८१ → ६३ → २७ → ४५ → ०९ असं वर्तुळ फिरत राहतं. पाच अंकांतही एकही संख्या स्थिर राहत नाही. तिथे तीन वर्तुळं आहेत, सर्वांत लहान ५३९५५ ⇄ ५९९९४, बाकी दोन चार-चार संख्यांची. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या स्वतःवर परत येतात, पण त्यांच्याशिवाय एक वर्तुळही आहे, त्यामुळे सुरुवात कुठून केली यावर शेवट अवलंबून राहतो. सात अंकांत पुन्हा फक्त वर्तुळ. दशमान पद्धतीत सगळ्या वाटा एकाच संख्येकडे नेणारे स्थिरांक दोनच, ४९५ आणि ६१७४, हे पुढे सिद्ध झालं आहे. ६१७४ चं खरं वेगळेपण इथे आहे. स्वतःवर परत येणाऱ्या संख्या पुष्कळ आहेत. सगळ्यांना आपल्याकडे आणणाऱ्या दोनच.

६१७४ चा साचा मात्र पुढे चालू राहतो. ६ नंतर ३ आणि ७ नंतर ६ घाला: ६३१७६४. पुन्हा घाला: ६३३१७६६४. आणखी एकदा: ६३३३१७६६६४. या सगळ्या वजाबाकीत जशाच्या तशा राहतात. शेवटचीचा पडताळा: ७६६६६४३३३१ − १३३३४६६६६७ = ६३३३१७६६६४.

आणि हे सगळं दहाच्या पायावर उभं आहे. उसने घेताना जे १० आणि ९ आले ते दशमान पद्धतीतून आले. पाचाच्या पायात ० ते ४ एवढेच अंक असतात आणि उसने म्हणजे ५. तिथे ३३२० − ०२३३ = ३०३२, म्हणजे त्या पद्धतीत ३०३२ ही स्वतःवर परत येते.

इतर गुण, आणि नावांचा घोळ

६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. अंकांची बेरीज १८ आणि ६१७४ ÷ १८ = ३४३, म्हणजे ७ चा घन. शिवाय १८ + १८² + १८³ = १८ + ३२४ + ५८३२ = ६१७४. मूळ अवयवांच्या वर्गांची बेरीज ४ + ९ + ९ + ४९ + ४९ + ४९ = १६९, तोही १३ चा वर्ग. हे सुरेख आहे, पण वजाबाकीच्या स्थिरांकाशी याचा संबंध जोडू नये. स्थिरांकाचं कारण फरकांच्या जोडीत आहे, अवयवांत नाही.

कापरेकरांनी संख्यांना इतकी नावं दिली की ती एकमेकांत मिसळतात. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद संख्या’ म्हटलं. वर पाहिलंच की ६१७४ हर्षद आहे. ‘कापरेकर संख्या’ म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की तीच परत मिळते: ४५² = २०२५ आणि २० + २५ = ४५; ७०३² = ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३. ६१७४² = ३८११८२७६ आणि ३८११ + ८२७६ = १२०८७, म्हणून ६१७४ ही कापरेकर संख्या नाही, कापरेकर स्थिरांक आहे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात.

तिसरं नाव ‘देवळाली संख्या’, ज्या गावात त्यांची नोकरी झाली त्या गावावरून. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या कधीच तयार होत नाही ती देवळाली संख्या, उदाहरणार्थ २०, ३१, ४२. ६१७४ त्यात बसते का हे तपासायला तिचा जनक, म्हणजे स्वतःच्या अंकांची बेरीज मिळवून ६१७४ देणारी संख्या, शोधावा लागतो. ६१७४ ला नऊने भाग जातो, म्हणून जनकालाही जायला हवा आणि त्याच्या अंकांची बेरीज ९, १८, २७ अशीच असणार. ९ धरून ६१६५ येते, पण तिच्या अंकांची बेरीज १८, जमत नाही. १८ धरून ६१५६, आणि ६ + १ + ५ + ६ = १८. जनक सापडला, म्हणजे ६१७४ देवळाली संख्या नाही.